एकाच शक्तीचा स्कोप: ल्यूपोल्ड एफएक्स-३ ६×४२, पेनसिल्व्हेनियाच्या जंगलातून

ल्यूपोल्ड कंपनीच्या एफएक्स-३ मालिकेतील ६×४२ या रायफलच्या स्कोपवर, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीवर (सहा ही शक्ती, ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास), शक्ती कमी-जास्त करण्याची कडी नाही. समोरचे दृश्य सहा पट मोठे दिसते, आणि काहीही केले तरी ते सहा पटच राहते. अमेरिकेतील शिकारीच्या सामानाच्या दुकानांत आज ३-९×४०, ४-१२×४०, ५-२५×५६ असे आकडे मिरवणाऱ्या, शक्ती बदलता येणाऱ्या व्हेरिएबल स्कोपांच्या रांगा लागलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये असा एकाच शक्तीचा, म्हणजे फिक्स्ड, स्कोप बहुधा दिसतही नाही. मी तो .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलवर बसवून घेतला आहे आणि उत्तर-मध्य पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ जंगलात व्हाइटटेल हरणांच्या शिकारीसाठी वापरतो. या मुलुखात, या जनावरासाठी, मी व्हेरिएबलपेक्षा हा स्कोप निश्चितपणे पसंत करतो. मात्र फिक्स्ड स्कोपच्या बाजूने जी कारणे परंपरेने सांगितली जातात त्यांतली बरीचशी आता शिळी झाली आहेत आणि जी खरी कारणे आहेत त्यांची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हा परीक्षणाचा प्रपंच.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार बंद झाली आणि ती बंद आहे हेच योग्य आहे. पेनसिल्व्हेनियाची परिस्थिती निराळी आहे. येथील हरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपली होती, विसाव्या शतकाच्या आरंभी ती बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली, आणि आज ती इतकी झाली आहेत की ओकची आणि हेमलॉकची कोवळी रोपे त्यांच्या तोंडून वाचवण्यासाठी वनखात्याला तोडणीनंतरच्या मोकळ्या जागांभोवती कुंपणे घालावी लागतात. १८९५ साली स्थापन झालेले राज्याचे गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीव यांचा कारभार पाहणारे खाते, परवाने देते, हंगाम ठरवते आणि मादी हरणांचे परवाने विभागवार मोजून वाटते. रायफली आणि काडतुसे यांच्यावर १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार आकारला जाणारा अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे परत येतो. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे.

स्कोपचा विचार नेहमी जमिनीपासून सुरू करावा लागतो. पॉटर आणि टायोगा काउंटींमध्ये ओक, बीच आणि मेपलचे जंगल आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पाने गळालेली असतात, तरी माउंटन लॉरेलची सदाहरित झुडपे उतारांवर छातीइतकी दाट उभी असतात आणि ओढ्यांच्या घळीत हेमलॉकमुळे दुपारीही अंधारल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी हरिण दिसते ते बहुधा चाळीस ते शंभर यार्डांवर, आणि तेही पूर्ण नव्हे, तर दोन खोडांच्या फटीतून पाठीची आडवी रेघ किंवा कानाची हालचाल एवढेच. लांबचा नेम मिळतो तो केवळ नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनसाठी साफ केलेल्या पट्ट्यांवर किंवा नुकत्याच तोडलेल्या जंगलाच्या कडेला, आणि तेथेही दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. सहा पट शक्तीने दीडशे यार्डांवरचे हरिण नुसत्या डोळ्यांना पंचवीस यार्डांवर दिसावे तेवढे दिसते, तीनशे यार्डांवरचे पन्नास यार्डांवर असल्यासारखे. ज्याला पन्नास यार्डांवरच्या हरणाच्या खांद्यामागची जागा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते त्याला यापेक्षा अधिक शक्तीची गरज का वाटावी, हे मला अजून कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

आता प्रकाशाचा मुद्दा. येथे सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणावर गोळी झाडता येते आणि अनुभवी शिकारी जाणतात की त्या दोन अर्ध्या तासांतच हरणे सर्वाधिक हलतात. स्कोपच्या मागच्या भिंगातून जो प्रकाश बाहेर पडतो त्याची एक गोल चकती बनते आणि तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागून येणारा आकडा होय. ६×४२ मध्ये ती चकती सात मिलिमीटरची असते, आणि माणसाची बाहुली अंधारात जास्तीत जास्त साधारण तेवढीच उघडते, तीही तरुणपणी. पन्नाशीनंतर अनेकांची पाच मिलिमीटरच्या आसपास अडकते. ३-९×४० चा स्कोप नऊवर ठेवला तर ही चकती साडेचार मिलिमीटरहूनही लहान होते, म्हणजे धूसर संध्याकाळी डोळा जेवढा प्रकाश घेऊ शकतो तेवढा त्याला मिळतच नाही. तोच स्कोप सहावर आणला तर चकती पावणेसात मिलिमीटरच्या जवळ जाते आणि दोघांत फरक उरत नाही. म्हणून फिक्स्ड स्कोप मुळातच अधिक उजळ असतो असे म्हणणे बरोबर नाही. तो चुकीच्या शक्तीवर राहून जाऊ शकत नाही एवढेच खरे आहे, आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे. सात मिलिमीटरच्या चकतीचा दुसरा उपयोग मात्र फारसा सांगितला जात नाही: दिवसा बाहुली तीन मिलिमीटरची असते तेव्हा डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळे पडत नाही, आणि जाड कोट घालून घाईने रायफल खांद्याला लावताना ही सवलत फार मोलाची ठरते.

‘कमी भिंगे, म्हणून जास्त प्रकाश’ हा युक्तिवाद जुन्या काळात वजनदार होता. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, त्यामुळे व्हेरिएबलमधील एखाददुसरे जास्तीचे भिंगही तेव्हा महाग पडत असे. झाइस कंपनीत १९३५ साली परावर्तन कमी करणारा लेप तयार झाला, पुढे बहुपदरी लेप आले, आणि आज चांगल्या स्कोपमध्ये ही गळती प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. जंगलात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला हा फरक जाणवणे शक्य नाही.

वजन आणि किंमत यांचीही तीच गत. ल्यूपोल्डचाच साधा ३-९×४० व्हेरिएबल या फिक्स्ड स्कोपपेक्षा हलका आहे आणि स्वस्तही, कारण व्हेरिएबल प्रचंड संख्येने बनतो आणि फिक्स्ड मोजक्या लोकांसाठी. मी चारशे डॉलरच्या पुढे पैसे मोजले. साधी वस्तू अधिक महाग पडावी हे विचित्र आहे, परंतु बाजार संख्येवर चालतो. काटकसर म्हणून फिक्स्ड घेऊ पाहणाऱ्याने तो विचार सोडून द्यावा.

मग उरते काय? सर्वांत आधी, गाल आणि डोळा यांचे नाते. मागच्या भिंगापासून डोळा किती अंतरावर असला म्हणजे पूर्ण चित्र दिसते, ते अंतर या स्कोपमध्ये चार इंचांहून अधिक आहे आणि ते कधीही बदलत नाही. बहुतेक व्हेरिएबलमध्ये शक्ती वाढवली की हे अंतर घटते, म्हणजे तीनवर बसवलेली मानेची सवय नऊवर थोडी चुकते आणि चित्राच्या कडेला काळी कोर दिसू लागते. चाचणीच्या मैदानावर बाकावर बसून ही गोष्ट क्षुल्लक वाटते, कारण तेथे डोके पुढेमागे करायला वेळ असतो. मचाणावर वळून बसलेले असताना, थंडीने बधिर झालेल्या हातांनी, डाव्या बाजूने आलेल्या हरणावर रायफल वळवताना मात्र दस्त्याला गाल टेकताक्षणी पूर्ण गोल समोर असणे किंवा नसणे यावर बरेच काही ठरते.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे डोळ्याला एकच प्रमाण शिकवता येते. रोज एकाच मापाने दूध घालणाऱ्या गवळ्याला भांडे हातात घेताच शेराचा अंदाज येतो, तसे सहा पटीच्या चित्रात हरिण किती मोठे दिसले म्हणजे ते किती दूर आहे हे काही काळाने आपोआप कळू लागते. ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणलेली ड्यूप्लेक्स ही नेमाची फुली या कामी फार उपयोगी आहे. तिच्या चारही भुजा कडेला जाड आणि मध्यभागी बारीक असतात, आणि जाड भुजेच्या टोकापासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर फिक्स्ड स्कोपमध्ये कायम तेवढेच राहते. प्रौढ व्हाइटटेलची छाती पाठीपासून पोटापर्यंत साधारण पंधरा ते अठरा इंच असते. शंभर यार्डांवर तेवढ्याच उंचीचा पुठ्ठा उभा करून तो फुलीच्या कोणत्या भागात बसतो हे एकदा पाहून ठेवले की जंगलात अंतराचा अंदाज घेण्यासाठी वेगळ्या यंत्राची आठवण होत नाही. अमेरिकेत खपणाऱ्या बहुतेक शिकारी व्हेरिएबलमध्ये फुली दुसऱ्या प्रतलात असते, म्हणजे चित्र लहानमोठे होते आणि फुली तेवढीच राहते. त्यामुळे हे माप प्रत्येक शक्तीला बदलते आणि कडी कुठे आहे हे लक्षात ठेवल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. युरोपीय पद्धतीच्या पहिल्या प्रतलातील फुलीने ही अडचण सुटते, पण मग कमी शक्तीवर फुली इतकी बारीक दिसते की हेमलॉकच्या सावलीत ती सापडत नाही.

गोळीच्या वाटेचे गणितही याच साधेपणाला धरून आहे. .३०८ मध्ये १५० ग्रेन वजनाची गोळी दोनशे यार्डांवर बरोबर बसेल असा नेम लावला, तर शंभर यार्डांवर ती सुमारे दोन इंच वर लागते आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठ ते दहा इंचांची धरली तर अडीचशे यार्डांपर्यंत सरळ मध्यावर फुली धरावी आणि चाप ओढावा, काहीही फिरवू नये, काहीही मोजू नये. या स्कोपचे उंची आणि बाजू लावण्याचे बटण टोपीखाली झाकलेले असते. हंगामापूर्वी नेम बसवून टोप्या घट्ट केल्या की त्या पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही.

व्हेरिएबलचे समर्थक येथे एक आक्षेप घेतात आणि तो ऐकण्यासारखा आहे. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून नर हरणाच्या शिंगांवर अट आहे: राज्याच्या बहुतांश भागात एका शिंगाला किमान तीन टोके हवीत, आणि पश्चिमेकडील काही विभागांत भुवईजवळचे टोक न धरता तीन. टोके मोजल्याशिवाय गोळी झाडता येत नाही, आणि ऐंशी यार्डांवर फांद्यांच्या जाळीत टोके मोजायला सहापेक्षा नऊ पट बरे, असे त्यांचे म्हणणे. हिशेब बरोबर आहे, परंतु साधन चुकीचे आहे. ज्याची ओळख पटलेली नाही अशा वस्तूकडे स्कोपमधून पाहणे म्हणजे तिच्याकडे भरलेल्या रायफलची नळी रोखणे, आणि झुडपामागची ती वस्तू नारिंगी जाकीट घातलेला दुसरा शिकारी असू शकते. येथे डोके, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच चकाकणारा नारिंगी रंग अंगावर असण्याची सक्ती आहे, ती याच भीतीपोटी. टोके मोजण्याचे काम गळ्यातल्या ८×४२ दुर्बिणीचे आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहता येते, हात कमी हलतो आणि चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. व्हेरिएबल स्कोप दुर्बीण घरी ठेवण्याचा मोह निर्माण करतो. फिक्स्ड स्कोप तो मोह होऊच देत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

या स्कोपचे उणेपण दाट झाडीत उघडे पडते. शंभर यार्डांवर त्यातून सुमारे सतरा फूट रुंदीचे दृश्य दिसते, म्हणजे पंचवीस यार्डांवर सव्वाचार फूट, आणि तेवढ्यात अख्खे हरिणही मावत नाही. लॉरेलच्या झुडपांतून हाकून हरणे उठवायची असतील तर सहा पट शक्ती अडचणीची ठरते. नऊवर विसरलेल्या व्हेरिएबलमध्ये साडेतीन फूटच दिसते हे खरे असले तरी तीनवर ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये आठ फुटांहून अधिक दिसते, आणि तेथे त्याची सरशी मान्य केली पाहिजे. अशा शिकारीला चार पट शक्तीचा फिक्स्ड स्कोप घ्यावा. त्यात शंभर यार्डांवर सुमारे चोवीस फूट दिसते. काडतुसाचे कवच बाजूने फेकणाऱ्या मार्लिन ३३६ सारख्या लिव्हर रायफलवर तो फार शोभतो, कारण तिच्या .३०-३० काडतुसाचा पल्लाही त्या शक्तीला साजेसाच आहे.

उन्हाळ्यात शेतांच्या बांधांवर ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या लहान प्राण्याची शिकार करणाऱ्याला, वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या मागे जाणाऱ्याला, किंवा वेगवेगळी काडतुसे कागदावर तपासत बसणाऱ्याला माझे म्हणणे लागू नाही. त्यांनी खुशाल व्हेरिएबल घ्यावा.

फिक्स्ड स्कोप एकेकाळी अमेरिकेचा नेहमीचा स्कोप होता. बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये मॉडेल ३३० हा स्कोप माउंटसह एकोणीस डॉलरांना विकायला काढला आणि तोपर्यंत श्रीमंतांपुरती असलेली वस्तू शेतकऱ्यांच्या रायफलींवर आली. पुढे टेक्सासमधील एल पासो येथे त्यांचा कारखाना उभा राहिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या चार पट शक्तीच्या के-४ ने येथील घराघरांत जागा मिळवली. ऑरेगनमधील ल्यूपोल्ड कंपनी मुळात जमीन मोजणीची उपकरणे दुरुस्त करणारी, १९०७ सालची. १९४७ मध्ये तिने आतली हवा काढून नायट्रोजन भरलेला स्कोप आणला आणि आतून धुके धरण्याची जुनी पीडा संपवली. सुरुवातीच्या व्हेरिएबल स्कोपांबद्दल तक्रार असे की शक्ती बदलली की गोळी लागण्याची जागा सरकते. कारण कडी फिरवली की आतील भिंगे नागमोडी खाचेतून पुढेमागे सरकतात आणि त्या खाचेत थोडाही सैलपणा असला तर नेम हलतो. चांगल्या कंपन्यांनी हा दोष आता जवळजवळ घालवला आहे. स्वस्त व्हेरिएबलमध्ये तो अजून भेटतो, आणि एकाच किमतीचे दोन स्वस्त स्कोप समोर असतील तर कमी हलते भाग असलेला निवडावा हा नियम मी अजूनही पाळतो.

फिक्स्ड स्कोप सगळीकडेच मागे पडलेले नाहीत. जर्मनीत चांदण्यात उंच मचाणावरून रानडुकरांची वाट पाहणारे शिकारी श्मिट उंड बेंडरचा ८×५६ अजून मानतात. ५६ ला आठने भागले की पुन्हा तेच सात मिलिमीटर. अमेरिकेत एसडब्ल्यूएफए कंपनीचा ६×४२ मिळतो, परंतु त्याची उघडी बटणे आणि मोजपट्टीसारखी फुली लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आहेत, आणि तो बराच जडही आहे. हरणाच्या शिकारीत त्याची गरज पडत नाही.

एफएक्स-३ मध्ये अंतरानुसार चित्र फुलीशी जुळवण्याची सोय नाही. या कंपनीचे मोठ्या काडतुसांसाठीचे स्कोप साधारणतः दीडशे यार्डांवर जुळवून येतात, आणि सहा पट शक्तीला पन्नासपासून अडीचशे यार्डांपर्यंत त्याने हरणाच्या शिकारीत जाणवेल इतकी चूक होत नाही. काच उत्तम आहे; बारीक फुली सांजवेळच्या शेवटच्या मिनिटांत मावळू लागते तेव्हा जाड भुजा नेम धरायला पुरतात. नळी एक इंचाची असल्याने स्कोप रायफलवर बसवण्याच्या कड्या कोठेही मिळतात. बसवताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मग डोळे उघडावेत आणि पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवावा. हे काम हिवाळ्याचा कोट अंगात घालूनच करावे, कारण सदऱ्यावर बसवलेला स्कोप डिसेंबरात अर्धा इंच पुढे गेलेला आढळतो.

नवा मिळाला नाही तर जुन्या बाजारात पाहावे. मागच्या बाजूने आकाशाकडे रोखून आत बुरशीचे धागे किंवा धुरकटपणा नाही ना ते तपासावे, हलवून आत काही वाजते का ते ऐकावे, आणि शक्य असल्यास घेण्यापूर्वी रायफलवर चढवून बटण वर-उजवीकडे-खाली-डावीकडे सारख्या घरांनी फिरवून गोळी पुन्हा पहिल्याच छिद्राजवळ येते का ते पाहावे. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाल्यामुळे तेथील जुन्या के-४ ची दुरुस्ती खासगी कारागिरांकडूनच करून घ्यावी लागते. ल्यूपोल्डची आजीवन हमी मात्र स्कोपबरोबर जाते, पहिल्या मालकाची पावती मागत नाही, त्यामुळे त्यांच्या जुन्या स्कोपसाठी मी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.